सात इंचांचा पीळ

तिला सगळे कागदबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे कागदबाई. तिला ते माहीत होतं, आणि त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. चोवीस वर्षं ती कागदच बघत आली होती.

रायफली दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या मागे एक लांब मैदान होतं. मैदानाच्या शेवटी मातीचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी पुरुषभर खोल सिमेंटचा खंदक, आणि खंदकात एका लोखंडी स्टुलावर ती. शंभर मीटर अलीकडे एक शेड. शेडमध्ये दुरुस्त झालेली रायफल शिकंज्यात आवळून दहा गोळ्या झाडायच्या, त्या तिच्या डोक्यावरच्या चौकटीतला कागद फोडून बांधात शिरायच्या. मग दोरी ओढून ती चौकट खाली घ्यायची, कागद सोडवायचा, त्यावर काचेची आखीव चकती ठेवायची आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर लिहायचं. दहाही भोकं एका बशीत मावली तर रायफल पास. नाही मावली तर परत. जगात गोंगाटाची कामं पुष्कळ, पण त्यांतलं हे सगळ्यांत निवांत, असं ती म्हणे. डोक्यावरून गोळ्या जातात एवढंच.

स्वतः तिने आयुष्यात एकदाही बंदूक झाडली नाही. झाडावीशी वाटली नाही. कागदाच्या अलीकडचं जग तिच्या नवऱ्याचं होतं आणि पलीकडे माती होती. मातीच्या जागी कधीतरी कुणीतरी असणार हे तिला कळत होतं, पण त्याचा विचार करायला तिने एक ठरावीक जागा ठेवली होती: खंदकाच्या सोळा पायऱ्या. चढताना दम लागे, तेव्हा तो विचार येई. वर पोहोचलं की संपे.

ही नोकरी तिला नवऱ्याच्या कानांच्या बदल्यात मिळाली होती. तो त्या शेडमधला नेमबाज. आवाज असा खणखणीत की सगळे त्याला तोफ म्हणत. त्याच्या काळात मोठ्या गोळीची जुनी रायफल होती, आणि कानात घालायला कापसाचे बोळे. अकरा वर्षांनी एका हिवाळ्यात आधी उजवा कान गेला, मग डावा. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘वयोमानाने’. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. तोफेला घरी बसवलं आणि बायकोला खंदकात जागा दिली. कुणी वाईट वागलं नाही. सगळे फार चांगले वागले. फक्त तो एक शब्द तिच्या मनात राहिला, कापडात टाचणी राहावी तसा.

घर म्हणजे कारखान्याच्या आवारातलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि ते धाकट्या दिराच्या नावावर. दीर नळी विभागात फिटर होता. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, “राहून गेलं.” भावाचे कान गेल्यावर त्याने दाराच्या घंटेला तार जोडून आतल्या खोलीत एक लाल बल्ब लावला. घंटा वाजली की बल्ब पेटे, आणि तोफ जागेवरून ओरडे, “आलो!” मग शेजारच्या तीन घरांनाही कळे की यांच्याकडे कुणी आलंय.

कान गेल्यापासून तोफेच्या आवाजाला बटणच राहिलं नव्हतं. कुजबुजायला गेला तरी जिन्यापर्यंत ऐकू जाई. रात्रीच्या जेवणाला बसला की तो तिला शिकवत असे. तिने कधी विचारलं नव्हतं, पण दुसरं तरी त्याच्याकडे काय होतं?

“मोठी गोळी जड,” तो म्हणे. “शिपाई शंभर गोळ्या घेऊन निघायचा आणि अर्ध्या वाटेत वाकायचा. धक्का असा की दुसरी गोळी आभाळात. मग शहाण्यांनी गोळी लहान केली, वेग वाढवला. त्याच वजनात दुप्पट गोळ्या, धक्का निम्मा. झालं? नाही झालं! शिपाई गाडीतून फिरायला लागला, दारांतून आत घुसायला लागला, लांब नळी अडकायला लागली. मग नळी आखूड केली. आखूड नळीत वेग मरतो. मग म्हणे लांबवर जोर पोहोचत नाही, वाऱ्याने गोळी ढळते. मग परत गोळी जड करा!”

“जेवा आता,” ती खुणेने सांगे.

“पण जाडी वाढवता येत नाही, नळी तीच. म्हणून लांबी वाढवली. आणि लांब गोळी हवेत सरळ राहत नाही, तिला भोवऱ्यासारखं जास्त फिरवावं लागतं. म्हणून नळीच्या आतल्या खाचांना जास्त पीळ. पूर्वी नऊ इंचांत एक वेढा, आता सात इंचांत. एकाचं दुखणं उचलायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं, याला म्हणतात रचना.”

आणि ते शेवटचं दुखणं दिराच्या अंगावर आलं होतं. जुन्या रायफलींच्या नऊवाल्या नळ्या काढायच्या आणि सातवाल्या बसवायच्या. तीन वर्षं तो तेच करत होता.

त्या सकाळी धुकं होतं. हातमोजे घालूनही बोटं वळत नव्हती. दोनशे चाळीस रायफलींची खेप निघायची होती, त्यांतल्या आठ काढून कागदावर घ्यायच्या. शेडमध्ये झाडणारा नेमबाज होता घड्याळ. त्याला घड्याळ म्हणत कारण दोन गोळ्यांमध्ये तो मोजून वीस सेकंद थांबे, आग लागली असती तरी. पहिल्या चार रायफली व्यवस्थित गेल्या. पाचवीचा कागद तिने खाली घेतला, चकती ठेवली. दहाही भोकं बशीत. अगदी काठाला टेकून, पण बशीत. तिने अंतर लिहिलं आणि कागद बाजूला ठेवता ठेवता थांबली.

सरळ आलेल्या गोळीचं भोक गोल असतं आणि त्याभोवती काजळाची बारीक कडा असते, डोळ्यात घातल्यासारखी. या कागदावरची सात भोकं तशी होती. तीन नव्हती. ती किंचित लांबट होती, आणि त्यांची कडा एका बाजूला ओढली गेली होती, लिहिता लिहिता बोट फिरावं तशी. म्हणजे गोळी टोकाने आली नव्हती. कूस बदलत आली होती.

खंदकातला फोन उचलून तिने विचारलं, “पाचवीला काही वाटलं का रे?”

“काय वाटायचं मावशी? शिकंज्याला वाटत नाही, मला काय वाटणार?”

तपासणी खोलीत साहेब चहा पीत होते. तपासणी अधिकारी, बढतीवर आलेला, सभ्य माणूस. कुणाला कधी लागेल असं बोलला नाही.

“साहेब, पाचवीचा कागद बघता का?”

“का, बशीबाहेर गेली?”

“बशीतच आहे. पण तीन भोकं लांबट आहेत.”

“लांबट म्हणजे?”

“म्हणजे गोल नाहीत.”

साहेब हसले. “बाई, फॉर्मवर लांबटचा रकाना कुठाय?”

“शेऱ्याचा आहे.”

“त्यात आपण दहा वर्षं आडवी रेघ मारतोय.” त्यांनी कागद उजेडाकडे धरला, परत खाली ठेवला. “धुकं आहे. कागद दमट झाला असेल, फाटला जरा. असं करा, दुपारी ऊन पडल्यावर तीच पुन्हा झाडा. तुमचंही समाधान.”

दुपारी ऊन पडलं. घड्याळाने पाचवी पुन्हा शिकंज्यात आवळली, दहा गोळ्या झाडल्या, आणि फोन केला. “मावशी, गोल की चौकोनी?”

“गोल,” ती म्हणाली.

ती खरंच गोल होती. एकाबद्दल तिला जरा शंका आली, पण डोळे चोवीस वर्षांचे जुने होते. संध्याकाळी साहेब म्हणाले, “झालं ना? उद्या दहाला फॉर्म द्या, परवा ट्रक येतोय.” तिने मान हलवली. फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं. शेऱ्याच्या रकान्यातली रेघ आणि तिची सही तेवढी राहिली होती.

वापरलेले कागद रद्दीत जात, आणि रद्दीतून घरोघरी. तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांवर तेच अंथरलेले होते. साखर सांडली की भोकांतून खालच्या फळीवर पडे आणि मुंग्या वरपर्यंत येत. म्हणून सकाळचा कागद घडी करून पिशवीत टाकताना तिला कुणी काही म्हटलं नाही.

तोफ खिडकीशी बसला होता. तिने कागद त्याच्या मांडीवर पसरला आणि काही सांगितलं नाही. त्याने चष्मा शोधला, मग चष्मा काढून करंगळीचं टोक एकेका भोकावरून फिरवलं. तिसऱ्या लांबट भोकाशी बोट थांबलं.

“किती वाजता?”

तिने सात बोटं दाखवली, आणि अंगावर शहारा आल्यासारखं केलं.

“थंडी होती. आणि दुपारी?”

तिने हवेत गोल काढला.

त्याच्या चेहऱ्यावर तिने फार दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं, कामाचं. “थंड हवा दाट असते,” तो म्हणाला. “दाट हवेत गोळीला जास्त फिरावं लागतं. पीळ पुरेसा असेल तर थंडी काय करणार? पुरत नसेल तर सकाळी डुलते, दुपारी सावरते. अगं, ही सातची नळी नाही.” आणि मग, तिने तोंडावर बोट ठेवायच्या आत, “नळी नऊची आहे!”

दीर दारात बूट काढत होता. एक बूट पायात, एक हातात.

“काय म्हणाला दादा?”

“काही नाही भावजी. हात धुवा, जेवायला वाढते.”

“हे ‘काही नाही’ चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं, वहिनी.”

त्याने हात धुतले, पुसले, आणि कागद उचलला. तो कसा बघायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. या घरात ते सगळ्यांनाच येत होतं.

“पाचवी ना? साहेब बोलले मला. दुपारचा कागद गोल आला म्हणे. मग?”

“दुपारी ऊन होतं.”

“मग लढाया दुपारीच लढा म्हणावं.” त्याने कागद ठेवला. “वहिनी, माझ्या रॅकवरून आजवर चुकीची नळी गेलेली नाही. डोळे मिटून सांगतो.”

“डोळे मिटूनच बसवता, म्हणून विचारते.”

हे तिला बोलायचं नव्हतं. पण बोललं गेलं. तो ताटावर बसला आणि जेवला नाही. पाण्याचा ग्लास इकडून तिकडे सरकवत राहिला.

“चार महिने राहिलेत मला निवृत्तीला,” तो शेवटी म्हणाला.

“माहीत आहे.”

“नोंद स्वच्छ असली तर या खोल्या अजून दोन वर्षं मिळतात. डाग असला तर महिन्यात रिकाम्या. धमकी नाही देत. नुसतं सांगतोय.”

“मला तेही माहीत आहे, भावजी. मी अजून शेरा लिहिलेला नाही.”

तोफ दोघांच्या ओठांकडे बघत होता. अर्धं कळत होतं, अर्धं तो जुळवत होता. “नळीत गज घाल!” तो एकदम ओरडला. “बोलत काय बसलाय? गज घालून बघ, धाकट्या! दोन मिनिटांचं काम!”

“सुंभ जळालं तरी पीळ जात नाही याचा,” दीर तिला म्हणाला. “कान गेले, नोकरी गेली, हुकूम चालूच.” मग भावाच्या ताटात त्याने स्वतःच्या ताटातली भाजी घातली आणि उठून आत गेला.

सकाळी दाराशी दिराचे बूट नव्हते. ती साडेसहाला निघाली. धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. आवारातले दिवे अजून चालू होते आणि त्यांचा कुणालाच उपयोग नव्हता. चालताना तिच्या मनात आलं की आपण आता थकलो आहोत, आणि हे थकणं एका दिवसाच्या कामाचं नाही. चोवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका मिलिमीटरमध्ये मोजत आली. कुणाचं नाव विचारावं लागलं नाही. कागद आणि नाव यांच्या मधे शंभर मीटर मोकळं मैदान होतं. आज ते नव्हतं.

तपासणी खोलीत दिवा होता. दीर टेबलाशी बसला होता. पाचवी रायफल आडवी, नळी उघडी, बाजूला साफ करायचा गज, चिंध्या आणि खडू.

“बसा,” तो म्हणाला. जणू घरीच होते.

त्याने गजाच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळली, ती नळीत दाबली. आतल्या खाचा चिंधीत बसल्या. गजाच्या मुठीशी त्याने वरच्या अंगाला खडूची खूण केली आणि हळूहळू ढकलायला लागला. नळीतल्या पिळाबरोबर गज आपोआप वळत गेला. खूण उजवीकडे गेली, खाली गेली, वर यायला लागली. टेबलावर ठेवलेल्या पट्टीवर गज सात इंच आत गेला, तेव्हा खूण अजून बाजूला होती. नऊवर ती बरोबर डोक्यावर आली.

“चार वेळा घातला,” तो म्हणाला. “चारही वेळा नऊ.”

बाहेर सफाईवाल्याची बादली वाजली, लांब गेली.

“साहेब नवाला येतात. नळी बदलायला मला वीस मिनिटं लागतात.” त्याने तिच्याकडे न बघता गज पुसायला घेतला. “मग हिला झाडा, गोल येतील. थंडीतही. तुम्ही खोटं काही लिहिलं असं होणार नाही.”

“आणि बाकीच्या?”

गज पुसून झाला होता तरी तो पुसत राहिला.

मग त्याने सांगितलं. नळ्यांवर सातचा किंवा नऊचा बारीक ठसा असतो, पण गंजू नये म्हणून काळं पाणी चढवलं की तो दिसेनासा होतो, आणि बसवल्यावर तर वरच्या कड्याखाली जातो. म्हणून त्याचा रॅक होता. चाकांवरचा, दोन बाजूंचा. खिडकीकडची बाजू सातची, भिंतीकडची नऊची, भंगारात जायची. तीन वर्षं तो खिडकीकडून नळी उचलत होता, न बघता, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच. मागच्या महिन्यात विभागाला चुना दिला. रंगाऱ्यांनी रॅक बाहेर काढला, दुसऱ्या दिवशी परत आत ढकलला. चाकांच्या वस्तूला मागचं-पुढचं तोंड कुठे असतं? दुपारी भंगारवाला आला, भिंतीकडून हात घातला आणि म्हणाला, या तर नव्या दिसतात. तेव्हा दिराने रॅक फिरवून घेतला.

“आणि सकाळपासून बसवलेल्या?”

“मला वाटलं, रॅक सकाळी सरळ असेल आणि मधे कुणी केर काढताना फिरवला असेल.” तो थांबला. “वाटलं नाही. वाटून घेतलं.”

“किती बसवल्या होत्या?”

“तीस-बत्तीस. पण कुठल्या, ते कुठे लिहिलंय? दोनशे चाळीसमध्ये मिसळल्या. त्यातल्या आठ साहेबांनी काढल्या, त्यातली एक सापडली. दुसऱ्या आठ काढल्या असत्या तर एकही निघाली नसती.”

“पण निघाली.”

“हो. निघाली.”

तिने पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. त्याच टेबलावर, चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी ‘वयोमानाने’ लिहिलं असेल का? नाही, तो दवाखाना होता, टेबल वेगळं होतं. पण रकाना हाच असणार. फॉर्मवरचा सगळ्यांत लहान रकाना, आणि माणसाचं जे काही व्हायचं ते त्यातच होतं. एक शब्द टाकून कुणीतरी उठून जेवायला जातं.

ही रायफल ज्याच्या हातात जाईल तो तिला कुणी लागत नव्हता. त्याने नेम धरून कुणाला मारावं असंही तिला वाटत नव्हतं. पण एखाद्या थंड सकाळी त्याची गोळी भलतीकडे गेली, तर कागदावर लिहितील, ‘नेम चुकला’. त्याच्या नावासमोर.

तिने लिहायला घेतलं. दीर उठून तिच्या मागे उभा राहिला.

“वाचू?” ती म्हणाली.

“वाचा.”

“पाचव्या रायफलीची तीन भोके लांबट. गज घालून पाहिले, एक वेढा नऊ इंचांत. सर्व रायफलींना गज घालून पाहावा.”

“‘छिद्रे’ लिहा. साहेबांना ‘भोके’ आवडणार नाहीत.”

तिने खोडून छिद्रे लिहिलं. मग दोघेही जरासे हसले, आणि हसू लगेच विझलं.

“खाली जागा आहे का?” त्याने विचारलं. तिने पेन दिलं. त्याने उभ्या उभ्या वाकून लिहिलं की रॅक फिरलेला होता, तो आपल्या हाताखालचा होता, आणि त्या सकाळच्या नळ्या आपण पुन्हा तपासल्या नाहीत. सही केली. सही नेहमीची होती, लांब शेपटीची. चूक कबूल करताना माणसाची सही बदलत नाही, हे बघून तिला कसंतरीच झालं.

साहेब नऊला आले, वाचलं, खुर्चीत बसले आणि बराच वेळ टोपी काढायची विसरले. ओरडले नाहीत. “बाई, ट्रक उद्या आहे,” एवढंच म्हणाले. मग फोन उचलला.

दोन दिवस सगळा नळी विभाग, घड्याळ आणि कागदबाई, दोनशे चाळीस रायफलींना गज घालत बसले. दीर ढकलायचा, ती पट्टी धरायची. तो ‘सात’ म्हणाला की ती रायफल उजवीकडे, ‘नऊ’ म्हणाला की डावीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा आवाज बसला, मग तो बोटांनी दाखवायला लागला, घरी तोफेला दाखवत तसा. एकतीस निघाल्या. त्याने त्या एकतीसही स्वतः बदलल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खेप पाच दिवस उशिरा गेली. त्याआधी भल्या सकाळी, मुद्दाम धुक्यात, पुन्हा आठ झाडल्या. सगळी छिद्रं गोल आली. तिने सही केली.

चौकशी झाली, सभ्यपणे. स्वतःहून सांगितलं याची नोंद घेतली, आणि त्याच वाक्यात पुढे ‘हलगर्जी’ हा शब्दही घातला. आपण आपल्या परीने प्रयत्न केला असं साहेब म्हणाले, आणि तिला ते खरं वाटलं. चार महिन्यांनी दीर निवृत्त झाला. हार, पेढ्याऐवजी बिस्किटं, एक भिंतीवरचं घड्याळ. नेमबाज घड्याळाने ते घड्याळ कानाला लावून बघितलं आणि म्हणाला, “काका, हे वीस सेकंद पुढे आहे.” महिन्याभरात क्वार्टर रिकामं केलं.

नव्या खोल्या बस डेपोच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. आता तिला दोन बस बदलून खंदकात जावं लागतं आणि पायऱ्यांचा हिशेब सोळावरून त्रेपन्नावर गेलाय. फॉर्म अजून तोच आहे. आकाराचा रकाना कुणी वाढवला नाही. ती शेऱ्यात दर वेळी लिहिते, ‘सर्व छिद्रे गोल’, आणि साहेब वाचून न वाचल्यासारखं करतात.

राहायला आले त्या संध्याकाळी सामान अजून दोऱ्यांत बांधलेलं होतं. तोफ एका गाठोड्यावर बसून, नवी खिडकी कुठे उघडते ते बघत होता. ती फळ्यांवर कागद अंथरत होती. दीर स्टुलावर चढून घंटेची तार खेचत होता. लाल बल्ब त्याने जुन्या घरातून आठवणीने काढून आणला होता, मोज्यात गुंडाळून.

ते दोघं त्या प्रकरणावर घरात कधी बोलले नव्हते. आताही तो म्हणाला ते तारेबद्दलच. “वहिनी, बाहेर जाऊन जरा दाबा बघू.”

ती बाहेर गेली. दार लोटलं गेलं. जिन्यात दिवा नव्हता, कुणाच्या तरी घरात रेडिओ चालू होता, आणि भिंतीला नव्या चुन्याचा वास येत होता. तिने बटण शोधून दाबलं. आत काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

“थांबा,” आतून दीर म्हणाला. “तारा उलट्या लागल्या वाटतं.”

ती थांबली. पिशव्या उचलून दुखावलेला खांदा भिंतीला टेकवून उभी राहिली. मग आतून आवाज आला, “आता!” आणि तिने तिसऱ्यांदा दाबलं.

“आलो!” तोफ गरजला. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघितलं.

आत गाठोड्यांना अडखळत, वाट शोधत तो येत होता. दीर त्याला अडवत नव्हता. दार उघडायला बराच वेळ लागला. ती बटणावर बोट ठेवून तशीच उभी होती.